बाजारपेठेचे जुने फोटो स्कॅन करून घेतले: स्कॅनिंग छान, 'रिस्टोरेशन' नको

ज्यांना छोट्या गावातल्या मुख्य बाजाररस्त्याचे जुने फोटो गोळा करून त्याचा इतिहास लावायचाय त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण सर्व्हिस शोधताना मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे लग्नाच्या नाहीतर आजीआजोबांच्या फोटोंबद्दल होते आणि रस्त्याच्या फोटोंचं काम फार वेगळं असतं. तिथे चेहरा नीट आला की काम झालं. इथे मधे चालणारी माणसं कोण हे बहुतेक वेळा कळतच नाही, आपल्याला हव्या असतात कडेच्या गोष्टी, पाट्या, दिव्याचे खांब, तारा, दुकानांच्या फळ्या, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या. सर्व्हिसचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते कुठेही द्याल तिथे विचारावंच लागेल.

मी ८४ प्रिंट, ११ काचेच्या निगेटिव्ह आणि थोड्या ३५ एमएम फिल्मच्या पट्ट्या दिल्या होत्या. पॅकिंग, हाताळणी, वेळ याबद्दल काही तक्रार नाही, एकही काच तडकली नाही, प्रिंटचे कोपरे जसे दिले तसेच परत आले. चिकट पानांच्या अल्बममधले सहा फोटो त्यांनी ओढून न काढता पानासकट स्कॅन केले हे मला फार आवडलं, कारण तो गोंद फोटोचा कागद सोलून काढतो.

आता मुख्य गोष्ट, रिझोल्यूशन. त्यांचं नेहमीचं पॅकेज ३०० डीपीआयचं, म्हणजे प्रिंटच्या एका इंचाला ३०० पिक्सेलचं होतं आणि मी आधी तेच घेतलं, ही चूक तुम्ही करू नका. साधा हिशोब बघा, फोटोत दुकानाची पाटी १ सेंटीमीटर रुंद असेल तर ३०० डीपीआयला ती जेमतेम ११८ पिक्सेल येते, पाटीवर १२ अक्षरं असली तर एका अक्षराला १० पिक्सेलसुद्धा मिळत नाहीत, मग ते अक्षर वाचणार कसं? तीच पाटी १२०० ला ४७२ पिक्सेल होते. सगळ्या प्रिंटना एवढं लागत नाही, मोठ्या केलेल्या प्रिंटना ६०० पुरतं, पण जुन्या पोस्टकार्डांना जरूर मागा. १९०३ मध्ये कोडॅकने ३ए कॅमेरा काढला त्याची निगेटिव्हच पोस्टकार्डाएवढी होती, ती थेट कागदावर टेकवून प्रिंट काढायचे, म्हणून अशा कार्डांत भिंगाखाली बघितलं तर अजून बारकावे सापडत जातात. मी नऊ पोस्टकार्डं परत १२०० ला करून घेतली आणि एकात घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाची पाटी चक्क वाचता आली, आधीच्या फाइलमध्ये तो नुसता करडा पट्टा होता!

३५ एमएमला तर ६०० सुद्धा काहीच नाही, पूर्ण फ्रेम ८५० बाय ५६७ पिक्सेलची येते. तिथे ४००० च्या आसपास मागा. आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला धूळ काढणारं ते इन्फ्रारेडवालं सेटिंग बंद ठेवायला सांगा, फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते म्हणून मशिनला चित्रच धूळ वाटतं आणि ते भलतंच काहीतरी पुसून टाकतं. हे त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतःहून बंद ठेवलं होतं, त्याबद्दल पूर्ण मार्क.

आता नाराजी. 'रिस्टोरेशन' म्हणून जे एआयवालं जादाचं पॅकेज घेतलं ते रस्त्याच्या फोटोंसाठी सरळ घातक आहे. वरवर बघितलं तर फोटो एकदम लख्ख दिसतो आणि मन खूश होतं. मग झूम केलं. एका दुकानाच्या पाटीवर खाली सुरू झाल्याचं साल होतं, मूळ प्रिंटमध्ये भिंगाने नीट वाचता येत होतं, नव्या फाइलमध्ये शेवटचा १ होता त्याचा ९ झालेला. शेजारच्या पाटीवर तर अक्षरांसारखी दिसणारी वेटोळी, कुठल्याच लिपीतली नाहीत. सॉफ्टवेअरला वाचता आलं नाही तर त्याने तिथे अंदाज भरला, आणि तो अंदाज इतका स्वच्छ दिसतो की पुढे कुणी मूळ प्रिंट न बघता तेच साल लिहून ठेवेल. पुसट पाटी परवडली, तिच्यावर निदान कुणी चुकीचा भरवसा ठेवत नाही.

रंग भरून दिलेल्या फोटोंचंही तेच. जुन्या काचेच्या प्लेट आणि फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा यायचा, आणि निळा खूप उजळ यायचा, म्हणून तर त्या फोटोंतलं आकाश पांढरंफटक असतं. सगळे रंग धरणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या १९०६ मध्ये आणि त्यानंतरही साध्या प्लेट कितीतरी वर्षं वापरात होत्या. म्हणजे फोटोतलं काळं दार मुळात लालभडक असू शकतं, आणि यांनी सगळी दारं चॉकलेटी करून दिलीत. मी ती फोल्डर वेगळी काढून ठेवलीय, संग्रहात घेणार नाही.

दोन गोष्टी अजून. ऑटो क्रॉपमुळे, म्हणजे मशीन आपोआप कडा कापतं त्यामुळे, प्रिंटची पांढरी कड आणि तिच्यासोबत चित्राचा थोडा भागही उडाला, एका फोटोत कोपऱ्यावरच्या इमारतीची अर्धी खिडकी गेली. ही खिडकी मला जीव की प्राण, कारण खालची दुकानं दर थोड्या वर्षांनी बदलतात, पाटी, दार, काच सगळं नवं होतं, पण वरच्या मजल्याला फारसं कुणी हात लावत नाही, वेगवेगळ्या काळातले दोन फोटो एकाच जागेचे आहेत का हे मी वरच्या खिडक्या मोजूनच ठरवते. तक्रार केल्यावर त्यांनी पूर्ण कडेसकट परत स्कॅन दिले, वाद घातला नाही. प्रिंटची मागची बाजू मात्र वेगळी सांगूनच करून घ्यावी लागते. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी, कागदाच्या कंपनीचं नाव, काळ ठरवायला कधी कधी पुढच्या चित्रापेक्षा याचीच जास्त मदत होते.

काचेच्या दोन निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झाल्या, म्हणजे डावीकडची दुकानं उजवीकडे. एकीत पाटी होती म्हणून लगेच कळलं, दुसरीत वाचण्यासारखं काहीच नव्हतं आणि मी दोन दिवस ती इमारत रस्त्याच्या चुकीच्या बाजूला शोधत बसले होते, शेवटी सावल्या जुळेनात तेव्हा लक्षात आलं.

स्कॅनिंगला ५ पैकी ४, रिस्टोरेशनला १. फाइल टिफमध्येच घ्या, त्या प्रकारात चित्राचे बारकावे कमी होत नाहीत, जेपीजी नंतर आपली आपल्याला करता येते. देण्याआधी प्रत्येक प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नंबर टाका, बॉलपेन नको, दाबाचा वण पुढे उमटतो, आणि फाइलला तोच नंबर द्यायला सांगा, नाहीतर रस्त्याच्या कुठल्या टोकापासून काढलेला फोटो कुठल्या क्रमाने होता तो सगळा क्रम हरवतो. पुढच्या खेपेला अजून काही काचा पाठवणार आहे, या वेळी प्रत्येकीच्या पाकिटावर 'डावीकडे खांब, उजवीकडे जिना' असं लिहूनच देतेय.