सेफ्टी ट्रेनिंग, पण झोप न आणणारं
4 मार्चच्या सेफ्टी डेला आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये बाहेरची टीम आलेली, म्हटलं परत तेच पीपीटी आणि शपथ, पण ह्यांनी डायरेक्ट ग्राउंडवर ट्रेमध्ये आग लावली आणि टीम पाडून कोण आधी विझवतंय बघू म्हणाले. आग विझवायच्या सिलेंडरची पिन ओढायची, नोझल ज्वाळेवर नाही तर बुडाशी धरायचं, हे सिलेंडर हातात आल्यावरच कळतं राव. सीओटूवाल्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलेंडरचा हॉर्न, म्हणजे पुढचं भोंग्यासारखं तोंड, पकडायचा नाही, इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते, हे सुपरवायझरलापण माहीत नव्हतं!! कॅन्टीनच्या मावशींनी पेंटशॉपवाल्यांना हरवलं, नुसत्या शिट्ट्या. क्विझ मात्र बोअर, सगळी इंग्लिशमध्ये, कॉन्ट्रॅक्टची पोरं गप्प बसून. आणि नाईट शिफ्टला काहीच नाही, त्यांचंपण घ्या की. 4 स्टार.