‘अदखलपात्र’ शब्द वाचूनही ४५,५०० रुपये घालवले

लिहायला लाज वाटते, पण माझ्यासारखे आणखी कुणाचे पैसे जायला नकोत. पार्किंगवरून मुलाची शेजाऱ्याशी मारामारी झाली. शेजाऱ्याने चौकीत एनसी केली, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कलम ११५(२) (दुखापत) आणि ३५२ (चिथावणीसाठी अपमान). दुसऱ्या दिवशी शिवाजीनगर कोर्टाकडे चौकशीला गेलो, तर बाहेर चहाच्या टपरीवर काळ्या कोटातल्या एकाने गाठलं. “काका, वॉरंट निघायच्या आत अटकपूर्व जामीन करून घ्या, नाहीतर पोराची नोकरी गेली समजा.” आधी ८,०००, मग जामीनदाराचे म्हणून २७,५००, शेवटी ‘वरच्या साहेबांचे’ १०,०००. सगळे रोख. वकिलाचा सनद (परवाना) क्रमांक विचारा, मी विचारला नाही.

एनसीचा कागद माझ्या खिशातच होता! त्यावर ‘अदखलपात्र’ असं स्पष्ट लिहिलेलं. मला वाटलं, हे काहीतरी जास्तच भयंकर असणार. खरं तर अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही नाही. ही दोन्ही कलमं जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यातच मागतात. तो माणूस तर सारखा जुन्या दंड संहितेतलं दुखापतीचं ‘३२३’ म्हणत होता. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आहे, कागदावर ११५(२) आहे, आणि मी गप्प. वकीलपत्रावर सही घेतली नाही, निदान तेव्हा तरी उठायला हवं होतं. मी अडाणी नाही हो. एकतीस वर्षं कारखान्यात स्टोअर सांभाळलं, एक नट हिशोबाबाहेर गेला नाही. पण पोराच्या हातात बेड्या दिसायला लागल्या की डोकं चालत नाही.

कोर्टाच्या आवारात कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आधी तिथे विचारा.

पोलिसांचं काय सांगू! त्या माणसाविरुद्ध फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो, तर पहिल्या चौकीत म्हणाले, “दिवाणी बाब आहे.” फसवणुकीचं ३१८(४) दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, हे मी त्यांना सांगायचं? मग म्हणे कोर्टाजवळ घडलं, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, राहता तिथे जा. हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हे बोललो तर एक जण म्हणाला, “साहेबांसाठी पैसे दिलेत ना? मग लाचेचं तुमच्यावरच येईल.” पोटात गोळा आला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागून घ्यावी लागली. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, त्यावर गुन्हा क्रमांक नसतो, हे बघून घ्या. काल पाचव्यांदा गेलो. साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणे, सोमवारी या.