गटचर्चेसाठी जागा कोणती : झूम, गॅदर की हेडसेट?

वीस-पंचवीस जणांचा अभ्यासगट ऑनलाइन भरवायचाय आणि कुठे ते ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे.

झूम सगळ्यांना येतं, आजीलासुद्धा. फुकट खात्यात १०० जण, ४० मिनिटं. पण तिथे एका वेळी एकच आवाज चालतो. दोघं एकदम बोलले की "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्हीच", आणि मग शांतता. वर्गात शेजाऱ्याला कोपर मारून "हे कळलं का रे?" विचारता येतं, ते इथे नाही. ब्रेकआउट रूम, म्हणजे बैठकीतून फुटून बसायच्या छोट्या खोल्या, आहेत, पण कोण कुठे बसणार हे बहुतेक वेळा होस्टच ठरवतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये झूमच्या थकव्याची चार कारणं मांडली: अंगावर आलेले चेहरे, सतत दिसणारं स्वतःचं तोंड, एका जागी खिळणं आणि हावभाव वाचायची जादा मेहनत. दुसऱ्या कारणावर उपाय सोपा: स्वतःचा चौकोन लपवा.

गॅदर ही ऑनलाइन भेटायचीच जागा, पण तिथे वरून पाहिलेला नकाशा असतो आणि बाणांच्या बटणांनी आपली बाहुली चालवायची. कुणाच्या जवळ गेलं की त्याचा व्हिडिओ उघडतो, लांब गेलं की विरतो. म्हणजे पाच टेबलांवर पाच चर्चा एकाच वेळी, आणि कंटाळा आला की उठून दुसरीकडे. झूम ही बैठक असेल तर हा कट्टा. लाजरी मुलं इथे जास्त बोलतात, असा माझा अनुभव. पण खरी सोय लॅपटॉपवरच. निम्मा गट मोबाइलवर असेल तर नाद सोडा.

हेडसेटचं, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायच्या यंत्राचं काय? स्टॅनफर्डच्याच गटाने २०२३ मध्ये एक अभ्यास छापला. त्यातल्या एका भागात १३७ विद्यार्थी आठ आठवडे हेडसेट घालून, १९२ वेगवेगळ्या आभासी जागांमध्ये गटचर्चा करत होते. ऐसपैस जागेत त्यांच्या हालचाली एकमेकांशी जास्त जुळल्या, गट म्हणून एकसंधपणा जास्त जाणवला. मोकळ्या आभाळाखाली मजाही जास्त आली. गंमत म्हणजे आपण मात्र आभासी जगातसुद्धा आधी बाकं आणि फळाच मांडतो! अर्थात तिथे मोजला तो अनुभव आणि वागणं, परीक्षेतले गुण नव्हेत. शिवाय २५ हेडसेटचा खर्च करणार कोण? रेणूची रचना किंवा मंदिराचं स्थापत्य आत शिरून बघायचं असेल तर विचार करा. निबंधावर बोलायला नको.

माझा कौल: व्याख्यान झूमवर, चर्चा गॅदरवर, आणि नकाशा निवडताना वर्गखोली नको, बाग घ्या.

एक मात्र सांभाळा. अशा आभासी जागा बंदही पडतात: आल्टस्पेसव्हीआर मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाने आपलं हब्ज ३१ मे २०२४ ला गुंडाळलं. गटाच्या नोंदी आणि फळ्यावरची टिपणं दर आठवड्याला बाहेर काढून ठेवा.