पिणारा घरात, आधार कुठे? अल-अनॉन की केंद्राचा कुटुंबगट

"आधी तो उपचाराला तयार होऊ दे, मग माझं बघू," असं म्हणत बहुतेक बायका थांबतात आणि त्यात वर्षं जातात. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हाच: तो तयार आहे का?

नसेल, तर अल-अनॉन. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा हा समूह अमेरिकेत १९५१ साली उभा राहिला. दारू सोडू पाहणाऱ्यांचा समूह असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस त्यात पुढे होत्या. तुमचा माणूस कुठं दाखल आहे का, हे इथं कुणी विचारत नाही. फी नाही, वर्गणी ऐच्छिक, ओळख पहिल्या नावापुरती. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. सासर-माहेरच्या सल्ल्यांनी कान किटलेल्या बाईला ही शांतता सुरुवातीला विचित्र वाटते. थेट उत्तर हवं असणाऱ्यांची तर निराशाच होते. 'त्याच्या साहेबांना आजारी आहे म्हणून फोन करू का?' याला कुणी हो-नाही म्हणणार नाही. पण असा फोन करणं आपण कसं थांबवलं, हे दुसरी एखादी सांगेल. त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालं नाही, ते तुम्हाला आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही, हे तिथं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. माझ्या मते यातलं पहिलंच पचायला सगळ्यात जड, कारण घरचे उलटंच ऐकवत असतात. अल-अनॉनच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे सावरण्याच्या टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख येतो. ज्याला जसा समजेल तसा, एवढीच अट. एका मीटिंगवरून मत बनवू नका, पाच-सहा तरी करा. भाषा आधी विचारून घ्या. आई, वडील, भाऊ, पिणाऱ्या बाईचा नवरा, सगळ्यांना इथं जागा आहे.

तो दाखल झाला असेल किंवा होणार असेल, तर व्यसनमुक्ती केंद्राचा कुटुंबगट जास्त कामाचा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. इथं समुपदेशक असतात, त्यामुळे प्रश्नाला उत्तर मिळतं. आणि काही प्रश्नांना उत्तर मिळायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. तेव्हा घरी कोंडून सोडवायचा बेत नको. 'त्याच्या नकळत जेवणातून द्या' अशा जाहिरातींची पावडरही नको. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असलं आणि वरून तो प्यायला, तर प्रकरण दवाखान्यात जातं. अशा वेळी अनुभवकथन पुरत नाही.

केंद्राच्या गटाची मर्यादा अशी, की बोलणं फिरून त्याच्यावरच येतं: गोळ्या, फॉलोअप, स्लिप (म्हणजे पुन्हा पिणं). स्लिप झाली की तिथं 'पुन्हा दाखल करायचं का' यावर बोलणं होतं. अल-अनॉनमध्ये 'तू काल जेवलीस का' हेही निघतं. म्हणून मी दोन्ही सुचवेन: दाखल असेपर्यंत केंद्राचा गट, आणि अल-अनॉन त्याच्या आधी, नंतर, कधीही.

गावात बचत गटाच्या बायका आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून दुकान बंद पाडतात. ताकद मोठी, पण लढाई दुकानाशी असते. रात्री घरात काय घडतं ते त्या बैठकीत सगळ्यांना बोलता येतंच असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असते. तिथल्यांना आणि परदेशी राहणाऱ्यांनाही अल-अनॉनच्या ऑनलाइन मीटिंगा सोयीच्या. केंद्राचा पत्ता माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

मारहाण होत असेल तर मात्र हा सगळा क्रम बदला. आधी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत), आधी सुरक्षित जागा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मीटिंग त्यानंतरची.