फ्लोटिंग हेडर: सोयाबीन आणि हरभरा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या अहमदपूर भागात सोयाबीनला मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून काढणी हार्वेस्टरवर वाढत चालली आहे. गेल्या खरिपाच्या तोंडावर मी 14 फुटी फ्लोटिंग कटर बारचं हेडर (हार्वेस्टरच्या पुढचा, पीक कापून आत घेणारा भाग) घेतलं. आधी सोयाबीन काढलं, मग हरभरा. घ्यावं का, असं विचाराल तर हो, जरूर घ्या. पण लेव्हल (हेडरची दोन्ही टोकं सारख्या उंचीवर असणं) आणि फ्लोट (बारचं किती वजन स्प्रिंगांनी पेलायचं ते) स्वतः लावायला शिका, नाहीतर पैसे वाया जातील.

सोयाबीनची खालची शेंग जमिनीपासून तीन-चार बोटांवर असते. साधा बार तिथवर नेला की माती ओढतो, उचलला की शेंगा धसकटालाच राहतात. फ्लोटिंग बार शूवर, म्हणजे खालच्या घसरपट्ट्यांवर टेकून रानाच्या उंचसखलपणाप्रमाणे वरखाली होतो. त्याचं बरंचसं वजन स्प्रिंगांनी पेललेलं असतं, म्हणून तो जमिनीत रुतत नाही.

विक्रेत्याचा मेकॅनिक हेडर जोडून देऊन निघून गेला, लेव्हल तपासलीच नाही. थोडं रान काढल्यावर खाली वाकून पाहिलं तर डाव्या टोकाचा शू घासून आरशासारखा चकचकीत झालेला आणि उजव्याचा रंगही उडालेला नव्हता. उजव्या बाजूच्या पट्ट्यात धसकटं उंच, त्यांना शेंगा लटकलेल्या. शेतमालक धुऱ्यावरून म्हणाले, "दादा, निम्मी रास रानातच ठेवता का?" त्यांचा राग रास्त होता.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही बाजूंच्या टायरची हवा सारखी करायची, कारण हवा कमीजास्त असली तर हेडर कलणारच. मग कोब्यावर गाडी उभी करून बारच्या दोन्ही टोकांच्या लोखंडी बोटांपासून जमिनीपर्यंत टेपनं माप घ्यायचं आणि ते जुळेपर्यंत फीडरजवळच्या (पीक गाडीत ओढणाऱ्या भागाजवळच्या) जोडावर हेडर सरळ करायचं. फ्लोटला हात त्यानंतरच. लेव्हल चुकलेली असताना स्प्रिंगा आवळत बसलात तर एक टोक हलकं होतं, दुसरं जडच राहतं. गाडी बंद करून, बार जमिनीवर टेकलेला असताना दोन्ही टोकं हातानं उचलून पाहा. जोर सारखाच लागला पाहिजे. वर उचललेल्या हेडरखाली मात्र हेडर उचलणाऱ्या सिलिंडरचा लॉक लावल्याशिवाय कधीच जाऊ नका, कितीही घाई असो.

रान बदललं की फ्लोट बदलतो. परतीच्या पावसानंतर आमच्या काळ्या रानाला वापसा नसेल तर बार कितीही हलका करा, शूपुढे चिखलाचा गोळा जमतोच आणि दाण्याला माती लागून भाव पडतो. तिथे थांबणंच बरं. ओल थोडीच असेल तर फ्लोट हलका करून बारचं नाक किंचित वर घेतो. बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर) पेरलेल्या रानात सरीच्या दिशेनंच चालावं. आडवं गेलं की बार सारखा उसळतो.

नुकसान डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. गाडी गेल्यावर एक चौरस फूट मोकळा करून सांडलेले दाणे मोजा, शेंगांतलेही धरा. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं तर फुटाला 4 दाणे म्हणजे एकरी जवळपास 21 किलो. दुपारच्या कडक उन्हात हा आकडा वाढतो, कारण वाळलेली शेंग बारच्या धक्क्यानंच फुटते. तिथे फ्लोटचा इलाज नाही, सकाळी काढा.

हरभऱ्यात अनुभव संमिश्र. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले विक्रम उंच वाढतो आणि यंत्रानं काढण्यासाठीच आहे. तो सुंदर निघाला. बुटक्या, पसरट हरभऱ्यात घाटे राहिले आणि ढेकळं आत आली. अशा रानाला मी आता स्पष्ट नाही म्हणतो.

एक तक्रार उरते: स्प्रिंगांचे बोल्ट मागच्या बाजूला आहेत, भुश्शानं आटे जाम होतात. रोज संध्याकाळी ब्रश मारून ऑइल सोडावं लागतं. शूही झिजतात, विशेषतः मुरमाड रानात, त्यामुळे हंगामाआधीच एक जोडी आणून ठेवा.