हरवलेली चावी: अधिकृत केंद्र, चावीवाला की ऑनलाइन मागवलेला रिमोट?

गाडीची चावी हरवली की बहुतेक जण आधी खर्च विचारतात आणि मग वेळ. माझ्या मते त्याही आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायला हवी: हरवलेली चावी उद्या दुसऱ्याच्या हाती लागली, तर तिने गाडी सुरू होईल का? नवी चावी मिळवणे आणि जुनी चावी बाद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम तिन्ही मार्गांनी होऊ शकते. दुसरे मात्र सगळीकडे होतेच असे नाही, आणि ते राहून गेल्याचे मालकाच्या लक्षातही येत नाही.

हा फरक समजण्यासाठी चावीच्या आत काय असते ते पाहावे लागते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मोटारींमध्ये इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, रुळत गेला आणि युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. फिरवायच्या चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते आणि इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. चावी आत सरकवून फिरवली की हे वेटोळे साधारण १२५ किलोहर्ट्झचे क्षेत्र निर्माण करते आणि त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. पुढे गाडी एक संख्या पाठवते, चिप आपल्याजवळच्या गुप्त संकेताच्या आधारे तिचे उत्तर काढून परत देते, आणि ते जुळले नाही तर इंजिन सुरूच होत नाही किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडते. रिमोटचा सेल संपल्यावर दार बटणाने उघडत नाही, पण गाडी मात्र सुरू होते, ती यामुळेच. दार उघडणारा रिमोट आणि इंजिनाला परवानगी देणारी चिप एकाच मुठीत असल्या, तरी त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

आता चावी ‘करून देण्याचे’ दोन प्रकार पाहू. पहिल्यात चालू चावीतल्या चिपची हुबेहूब प्रत काढतात. गाडीच्या दृष्टीने मूळ चावी आणि प्रत एकच असते. त्यामुळे या दोहोंपैकी एक हरवली, तर ती तेवढी वेगळी काढून रद्द करणे शक्य होत नाही, कारण तिच्याबरोबर हातातलीही रद्द होते. दुसऱ्या प्रकारात नव्या चिपची गाडीच्या संगणकात स्वतंत्र नोंद करतात आणि त्याच वेळी जुन्या नोंदी पुसता येतात. चावी हरवली असेल, तर माझा कौल निःसंशय दुसऱ्या प्रकाराला आहे. प्रत काढणे स्वस्त आणि झटपट असते हे खरे, परंतु दोन्ही चाव्या हाताशी असून तिसरी हवी असेल तेव्हाच ते योग्य. शिवाय जुन्या चिपची प्रत सहज निघणे हे तिच्या दुर्बलतेचेही लक्षण आहे. ४० बिटांचा संकेत वापरणारी एक बहुप्रचलित चिप संशोधकांनी २००५ मध्ये भेदून दाखवली, आणि ४८ बिटांच्या हायटॅग-२ या चिपवर २०१२ मध्ये तीच वेळ आली.

अधिकृत सेवा केंद्राची जमेची बाजू म्हणजे चासिस क्रमांकावरून मूळ चावीचे पाते कापण्याचा संकेत (कटिंग कोड) आणि इमोबिलायझरचा गुप्त क्रमांक (पिन कोड) निर्मात्याकडून मागवता येतो, जुन्या चाव्या रीतसर रद्द होतात आणि त्याची कागदोपत्री नोंद राहते. नव्या मोटारींमध्ये निर्मात्याच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चावीची नोंदच होत नाही, अशी उदाहरणे वाढत आहेत. तिथे हा मार्ग जवळजवळ अपरिहार्य ठरतो. उणी बाजू अशी की, सगळ्याच चाव्या हरवल्या असतील तर गाडी बहुधा टो करून न्यावी लागते आणि चावी येईपर्यंत वाट पाहावी लागते. काही जुन्या गाड्यांत तर अडचण त्याहून मोठी असते. १९९० च्या दशकातल्या काही फियाट मोटारींबरोबर एक लाल मास्टर चावी मिळे, आणि ती नसेल तर नवी चावी नोंदवता येत नसे. अशा वेळी अधिकृत उत्तर म्हणजे इंजिनाचा संगणक बदलणे.

नेमक्या अशाच ठिकाणी स्वतंत्र चावीवाल्याचे कौशल्य उपयोगी पडते. निष्णात कारागीर गाडी उभी असेल तिथे येतो, दाराच्या कुलपातून चावीच्या खाचा वाचून पाते कापतो, स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या जागेला, यंत्र जोडतो आणि नवी चिप नोंदवतो. गरज पडल्यास इमोबिलायझरच्या स्मृतीतला मजकूर थेट वाचतो. काही वर्षे जुन्या, फिरवायच्या चावीच्या गाडीसाठी मी हाच पर्याय आधी तपासेन. मात्र हा माणूस तुमच्या गाडीची सुरक्षा उघडण्याइतका तिच्या आत शिरतो, हे विसरून चालणार नाही. जो नोंदणीची कागदपत्रे आणि ओळखपत्र मागत नाही, त्याच्या हाती काम देऊ नये. तो ती तुमच्याकडे मागत नसेल, तर चोराकडेही मागणार नाही.

ऑनलाइन रिमोटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फ्रिक्वेन्सी, चिपचा प्रकार आणि सुट्या भागाचा क्रमांक हे तिन्ही जुळले, तरच तो चालतो; ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट ४३३ च्या गाडीला निरुपयोगी आहे. वापरलेल्या स्मार्ट चाव्या बहुतेकदा पहिल्या गाडीशी कायमच्या बांधलेल्या असतात. काही फोर्ड मोटारींमध्ये मालक स्वतः नवी चावी नोंदवू शकतो, पण त्यासाठी आधीच्या दोन चालू चाव्या लागतात, आणि दोनपैकी एक हरवल्यावर नेमकी तीच अट पुरी होत नाही.

बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. स्मार्ट चावी गाडीच्या हाकेला खिशातूनच उत्तर देते. ती हाक दूरवर पोहोचवून गाडी उघडता आणि सुरू करता येते, हे झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर दाखवून दिले. यावर उपाय म्हणून काही मूळ चाव्या स्थिर राहिल्यास आपोआप झोपी जातात, तर अल्ट्रा-वाइडबँड हे रेडिओ तंत्र वापरणाऱ्या चाव्या लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरून अंतर मोजतात. बाहेरच्या कंपनीच्या स्वस्त चावीत अशी सोय असेलच असे नाही, म्हणून स्मार्ट चावीच्या बाबतीत मी मूळ भागाचाच आग्रह धरेन.

चावीबरोबर पत्ता किंवा गाडीची कागदपत्रेही गेली असतील, तर केवळ नोंद रद्द करणे पुरेसे नाही. रद्द झालेल्या चावीचे धातूचे पाते दार पूर्वीसारखेच उघडते, आणि आत शिरलेल्या माणसाला ओबीडी पोर्ट मोकळा मिळतो. अशा वेळी दाराचे कुलूपही बदलून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. काही विमा योजनांत चावीचा खर्चही मिळतो.

मार्ग कोणताही निवडा, काम संपल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दाखवायला सांगा आणि ती हातातल्या चाव्यांशी जुळते का ते पाहा. ती एकाने जरी जास्त असली, तरी हरवलेली चावी अजून चालू असू शकते. तिची नोंद काढून टाकेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.