जबड्याचा सांधा दुखत असेल तर राजारामपुरीतला हा दवाखाना, आधी पट्टी लावून मोजतात मग बोलतात

कानाच्या पुढं दुखतंय, जांभई देताना कट्ट वाजतंय, घास घ्यायला तोंड पुरेसं उघडत नाही असं ज्यांना होतंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण कोल्हापुरात यासाठी कुणाकडं जायचं हेच मला कळेना. कानाचे डॉक्टर म्हणाले कान स्वच्छ आहे, मग दाताच्या एका दवाखान्यात ओपीजी (सगळा जबडा एकत्र दिसतो तो एक्स-रे) काढून अक्कलदाढ काढूया म्हणाले, पण तोंड किती उघडतंय हे कुणी मोजलंच नाही. आणि ओपीजीत हाडं दिसतात, सांध्याच्या आतली चकती दिसत नाही, हे मला इथं येऊन कळलं.

इथल्या मॅडमनी सुरुवातच साध्या मिलिमीटरच्या पट्टीनं केली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर, तेही तीन प्रकारे. आधी "दुखू न देता जेवढं उघडतंय तेवढंच उघडा", मग दुखलं तरी जास्तीत जास्त, आणि शेवटी त्या स्वतः दोन बोटांनी हळूच ताण देऊन बघतात (नको वाटलं तर हात वर करा, लगेच थांबते असं आधीच सांगतात, ते मला फार आवडलं). मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 55 मिमी उघडतं, माझं 30 भरलं आणि ताण देऊन 33. वरचे दात खालच्यांवर जेवढे चढलेत ते पण यात मिळवायचं असतं, त्यांनी मिळवलं होतं.

पण मला खरं पटलं ते पुढचं. जबडा डावीकडं सरकवा, उजवीकडं सरकवा, पुढं काढा असं करायला लावलं. उजवीकडं 9 मिमी जात होता आणि डावीकडं जेमतेम 4. तोंड उघडताना हनुवटी उजवीकडं जायची ती परत मधे यायचीच नाही, आरशात मला पण दाखवलं. मॅडम म्हणाल्या नुसते स्नायू आखडलेत तर बाजूला सरकणं सहसा बरं असतं आणि ताण दिल्यावर तोंड बरंच जास्त उघडतं, तुमचं तसं नाही, उजव्या सांध्यातली चकती पुढं सरकून अडकलेली दिसतेय. आधी कट्ट वाजायचं आणि आता वाजायचं बंद झालंय ना, असं त्यांनीच विचारलं. अगदी तसंच झालं होतं! मला वाटत होतं आवाज गेला म्हणजे बरं व्हायला लागलंय.

मग गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून प्रत्येक ठिकाणी विचारत होत्या, "हे तुमचं नेहमीचंच दुखणं का?" कारण जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल, नेहमीचं दुखणं जागं होतंय का ते महत्त्वाचं. ही सगळी तपासायची पद्धत 2014 साली छापून आलेल्या डीसी-टीएमडी नावाच्या, जबड्याच्या सांध्याचे आजार ओळखायच्या निकषांतली आहे म्हणे, जगभर तीच वापरतात, आणि त्यात महागडं मशीन लागत नाही, पट्टी आणि शिकलेली बोटं लागतात. जबड्याची हालचाल कॉम्प्युटरवर टिपणारी मशीनं पण असतात, पण माझ्या मते तपासणाऱ्यानं नीट वेळ दिला तर त्यावाचून काही अडत नाही.

एमआरआय लगेच लिहून दिला नाही, बहुतेकांना साध्या उपायांनी बरं वाटतं, नाही वाटलं तर काढू म्हणाल्या. गरम शेक, हळूहळू उघडायचे व्यायाम, रात्री घालायला स्प्लिंट (दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर), दात दाबून धरायचे नाहीत, आणि ऊस, भडंग, मटणाची हाडं सध्या बंद, भाकरी रश्श्यात कुस्करून खायची. दर वेळी गेल्यावर तोच आकडा परत मोजून फाइलमध्ये लिहितात, मागच्या वेळी 38 आला आणि मला रडूच आलं, कारण नुसतं बरं वाटतंय म्हणण्यापेक्षा कागदावर दिसणं वेगळं असतं हो. ज्यांचं नुसतं वाजतं पण दुखत नाही, अडकत नाही, त्यांना औषधपाणी काही न करता परत पाठवतात, माझ्या मावसबहिणीला असंच पाठवलं.

फी इतर दातांच्या डॉक्टरांसारखीच, स्प्लिंटचा खर्च वेगळा पण आधी सांगतात. लिफ्ट नाही आणि संध्याकाळी पार्किंगचे हाल आहेत, म्हणून एक स्टार कमी. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगा की जबड्यासाठी यायचंय, म्हणजे निवांत वेळ ठेवतात, दात दाखवायचेत म्हणून गेलात तर दोन पेशंटच्या मधे बसवतात आणि एवढं सगळं मोजणं त्यात होत नाही.